जेट-जुळणी, मोटारसायकल कार्ब्युरेटरची

जेट-जुळणी, मोटारसायकल कार्ब्युरेटरची : पेट्रोल एंजिनास हवा व पेट्रोल यांचे मिश्रण योग्य प्रमाणात मिळावे म्हणून कार्ब्युरेटरातील जेट (ठरावीक मापाचे बारीक छिद्र असलेले पितळी तुकडे), सुई, सरकती झडप इ. मापक भाग निवडण्याच्या व बसविण्याच्या क्रियेस ‘जेट-जुळणी’ म्हणतात. नव्या एंजिनासाठी ही निवड कारखान्यातील चाचणीमंचावर केली जाते व वाहनमालकास तिच्यात सहसा हात घालावा लागत नाही. परंतु जुन्या मोटारसायकलीचा मूळ कार्ब्युरेटर झिजला किंवा त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले, म्हणजे दुसऱ्या बनावटीचा कार्ब्युरेटर बसविला जातो. अशा वेळी कारखान्याने पूर्वी केलेले सर्व काम नव्याने करावे लागते. मूळ जेटवरील क्रमांक पाहून त्याच क्रमांकाचे जेट नव्या कार्ब्युरेटरात बसविणे ही नेहमी होणारी चूक आहे. हा क्रमांक एंजिनाचे लक्षण नसून त्या विशिष्ट कार्ब्युरेटराचे माप असते. ज्या एंजिनांचे दट्ट्ये व सिलिंडर आता सहज मिळत नाहीत, त्यांच्या बाबतीत या चुकीची किंमत मोठी असते.

पार्श्वभूमी : भारतातील जुन्या मोटारसायकलींपैकी रॉयल एन्फील्ड बुलेट, जावा, येझदी व राजदूत या विशेष परिचित आहेत. मद्रास (आता चेन्नई) येथे १९५५ मध्ये एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली व तेथे ३४६ घ. सेंमी. क्षमतेची बुलेट तयार होऊ लागली. तिच्यावर आरंभी ब्रिटिश ‘अमल’ बनावटीचे कार्ब्युरेटर असत. म्हैसूर येथील आयडियल जावा कारखान्यात १९६० च्या दशकाच्या आरंभापासून १९९६ पर्यंत जावा व तिची भारतीय आवृत्ती येझदी यांचे उत्पादन झाले. जावावर मूळचा ‘जिकॉव्ह’ हा चेकोस्लोव्हाक आराखड्याचा कार्ब्युरेटर होता. जपानच्या मिकुनी कंपनीने १९६० च्या सुमारास अमलकडून परवाना घेऊन कार्ब्युरेटर बनविण्यास सुरुवात केली व त्यातून पुढे तिचे ‘व्हीएम’ हे कुल विकसित झाले. याच आराखड्याचे ‘मिककार्ब’ कार्ब्युरेटर नंतरच्या बुलेटवर आले. त्यांचे सुटे भाग सहज मिळत असल्यामुळे अमल किंवा जिकॉव्ह काढून त्या जागी व्हीएम बसविण्याची प्रथा मुंबई-पुण्याच्या दुरुस्ती कार्यशाळांतही रूढ झाली. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत टप्पा ६’ ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटराची जागा इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. त्यामुळे जेट-जुळणीचे ज्ञान आता मुख्यतः जुन्या वाहनांचे जतन करणाऱ्यांपुरते उरले आहे.

मिश्रणाचे प्रमाण : वजनाने १ भाग पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सु. १४·७ भाग हवा लागते. कमाल शक्तीसाठी मिश्रण यापेक्षा थोडे समृद्ध, म्हणजे १२·५ ते १३ भाग हवेचे असावे लागते. तर काटकसरीने चालण्यासाठी १५ ते १६ भाग हवा चालते. पेट्रोल आवश्यकतेपेक्षा जास्त असलेल्या मिश्रणास समृद्ध व कमी असलेल्या मिश्रणास विरल मिश्रण म्हणतात. समृद्ध मिश्रणामुळे धूर, काजळी व इंधनाची नासाडी होते. पण एंजिनास तात्काळ धोका नसतो. मोठ्या भारावर मिश्रण विरल झाले, तर ज्वलन लांबते, दट्ट्याचा माथा व निष्कास झडप अतिशय तापतात आणि अधिस्फोटन होऊन दट्ट्यास भोकही पडू शकते.

द्विधाव एंजिनात धोका आणखी वाढतो. जावासारख्या एंजिनात वंगण तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. त्यामुळे पेट्रोल कमी पडले की, तेलही त्याच प्रमाणात कमी पडते. उष्णतेने प्रसरण पावलेला दट्ट्या वंगणाच्या अभावी सिलिंडरात जखडतो आणि मागील चाक एकाएकी अडून चालकास अपघात होऊ शकतो. जुळणी करताना प्रथम समृद्ध बाजूस राहून मग हळूहळू खाली येण्याचा नियम यामुळेच पडला आहे.

जेटमधून जाणाऱ्या इंधनाची राशी किती लहान असते, हे हिशोबावरून कळते. ३४६ घ. सेंमी. क्षमतेचे चतुर्धाव एंजिन मिनिटास ४,००० फेऱ्यांनी पूर्ण उघड्या मुठीवर चालत असेल, तर मिनिटास २,००० वेळा अंतर्ग्रहण होते. सिलिंडर दर वेळी ७५% भरतो असे धरल्यास मिनिटास सु. ५२० लि., म्हणजे सु. ६०० ग्रॅ. हवा आत जाते. १३ : १ या प्रमाणात तीस सु. ४६ ग्रॅ. म्हणजे सु. ६३ घ. सेंमी. पेट्रोल लागते. एवढे पेट्रोल साधारणतः एक मिमी. व्यासाच्या छिद्रातून मोजून द्यावयाचे असल्याने व्यासातील काही शतांश मिमी.चा फरकही जाणवतो.

रचना व कार्य : मोटारसायकलींवर बहुधा सरकत्या झडपेचा कार्ब्युरेटर वापरतात. त्यात फ्लोट-कोठीतील पेट्रोलची पातळी फ्लोट (तरंगणारा भाग) व त्याची झडप यांनी स्थिर राखली जाते. एंजिनाच्या चोषणाने कार्ब्युरेटराच्या गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथील दाब कमी होतो व कोठीतील पेट्रोल जेटमधून वर खेचले जाते. चालकाने मूठ फिरविली की, तारेला जोडलेली नळकांडीसारखी झडप (स्लाइड) वर सरकते आणि तिच्याबरोबर निमुळती सुईही सुई-जेटमधून वर येते.

मूठ किती उघडी आहे, यावर कोणत्या भागाचा प्रभाव चालतो हे अवलंबून असते. बंद स्थितीपासून सु. एक-अष्टमांश उघडीपर्यंत पायलट जेट व त्याचा स्क्रू. एक-अष्टमांश ते एक-चतुर्थांशपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरपा काप. एक-चतुर्थांश ते तीन-चतुर्थांशपर्यंत सुई व सुई-जेट. आणि त्यापुढे पूर्ण उघडीपर्यंत मुख्य जेट मिश्रण ठरवितो. शेजारच्या मर्यादा एकमेकींत काही अंशी मिसळलेल्या असतात. फ्लोट-कोठीतील पातळीचा परिणाम मात्र सर्वच मर्यादांवर होतो. एंजिन किती फेऱ्यांनी फिरते यापेक्षा मूठ किती उघडी आहे, हे येथे अधिक महत्त्वाचे असते. म्हणून चाचणीपूर्वी मुठीवर व तिच्या बैठकीवर रंगाच्या किंवा चिकटपट्टीच्या खुणा करून पाव, अर्धी, पाऊण अशी स्थाने निश्चित करतात.

जेटचे क्रमांक : अमलच्या मुख्य जेटवरील क्रमांक हा ठरावीक दाबाखाली त्यातून मिनिटास वाहणाऱ्या पेट्रोलचे घ. सेंमी.मधील आकारमान दर्शवितो. इटालियन डेलॉर्तो व जपानी केहिन यांच्या जेटवरील क्रमांक छिद्राचा व्यास मिमी.च्या शतांशांत देतो, उदा., १०० म्हणजे १ मिमी. मिकुनीच्या निरनिराळ्या जातींच्या जेटांत दोन्ही पद्धती आढळतात. यामुळे एकाच आकड्याच्या दोन जेटांतून वाहणारे पेट्रोल वेगवेगळे असू शकते.

क्रमांकातील वाढीचा अर्थही दोन पद्धतींत निराळा होतो. प्रवाहदर्शक क्रमांक १०० वरून ११० केल्यास पेट्रोल १०% वाढते. व्यासदर्शक क्रमांक तेवढाच वाढविल्यास छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे २१% वाढते. बिनछापाच्या किंवा नक्कल केलेल्या जेटांवरील आकड्यांवर विसंबता येत नाही. त्यांचे छिद्र मापक तारेने तपासणे योग्य ठरते. अडलेले जेट तारेने खरवडून साफ केल्यास छिद्र मोठे होते व क्रमांक निरर्थक ठरतो. म्हणून जेट द्रावकात भिजवून दाबाच्या हवेने साफ करतात.

गळ्याचे माप : बदललेल्या कार्ब्युरेटराचा गळा मूळच्यापेक्षा मोठा असेल, तर तेवढ्याच हवेचा वेग त्यात कमी होतो. वेग कमी झाल्याने चोषण क्षीण होते आणि त्याच जेटमधून पेट्रोल कमी येते. उदा., २४ मिमी.ऐवजी २६ मिमी. गळा घेतल्यास त्याचे क्षेत्रफळ सु. १७% वाढते, हवेचा वेग सु. १५% घटतो व त्याच प्रमाणात पेट्रोलचा ओघही घटतो. तो भरून काढण्यास जेटच्या छिद्राचे क्षेत्रफळ सु. १७%, म्हणजे व्यास सु. ८% वाढवावा लागतो. व्यासदर्शक १०० क्रमांकाच्या जागी १०८ च्या आसपासचे जेट हा त्यामुळे चाचणीचा आरंभबिंदू ठरतो. मोठा गळा म्हणजे अधिक शक्ती हा समज सर्वत्र खरा नाही. कमी फेऱ्यांच्या जुन्या एंजिनात फार मोठ्या गळ्याने मंद गतीतील चोषण बिघडते व मूठ एकदम उघडताच एंजिन अडखळते.

पूर्वतयारी : जेट बदलण्यापूर्वी एंजिनाची इतर अंगे निर्दोष असल्याची खात्री करून घेतात. प्रज्वलनाची वेळ, झडपांमधील फट, ठिणगी प्लगमधील अंतर, हवा-गाळणी आणि टाकीतून येणारा पेट्रोलचा प्रवाह ही तपासण्याची मुख्य स्थाने होत. कार्ब्युरेटर व सिलिंडर यांच्या जोडावरून जादा हवा शिरत असेल, तर मिश्रण विरल होते आणि कोणतेही जेट बसविले तरी मंद गती स्थिर राहत नाही. कार्ब्युरेटर बदलताना नवा जोडतुकडा व रबर लागत असल्याने हा दोष अशाच वेळी अधिक आढळतो. गाळणी काढून किंवा निष्कास नळी बदलून केलेली जुळणी, ते भाग मूळ स्थितीत आणल्यावर निरुपयोगी होते.

जुळणीचा क्रम : प्रथम मुख्य जेट, नंतर पायलट, मग स्लाइडचा काप, त्यानंतर सुई आणि शेवटी पुन्हा मंद गती, असा क्रम सामान्यतः पाळतात. एका वेळी एकच भाग बदलून त्याचा परिणाम नोंदविणे आवश्यक असते.

(१) मुख्य जेट : अंदाजापेक्षा मोठे जेट बसवून एंजिन पूर्ण तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर, कायदेशीर वेगमर्यादेत, चढावर किंवा योग्य गियरात भार देऊन मूठ पूर्ण उघडतात. एंजिन जड व गुदमरल्यासारखे चालल्यास, किंवा द्विधाव एंजिनाने चतुर्धावासारखा तुटक आवाज काढल्यास, जेट मोठे आहे असे समजतात. मग एकेक पायरी लहान जेट घेत एंजिन मोकळे ओढू लागेपर्यंत खाली येतात. मूठ किंचित मागे घेताच एंजिन उलट अधिक ओढू लागले, तर मिश्रण विरल आहे असे ओळखून मोठ्या जेटकडे परततात.

(२) पायलट : याचा स्क्रू दोन प्रकारचा असतो. गाळणीच्या बाजूस असलेला स्क्रू बहुधा हवेचे नियंत्रण करतो व तो बाहेर काढला असता मिश्रण विरल होते. एंजिनाच्या बाजूस असलेला स्क्रू बहुधा इंधनमिश्रणाचे नियंत्रण करतो व तो बाहेर काढला असता मिश्रण समृद्ध होते. कार्ब्युरेटराची बनावट बदलली म्हणजे हा फरक लक्षात घ्यावा लागतो. स्क्रू साधारणपणे एक ते दोन फेरे उघडा असताना मंद गती सर्वांत सुरळीत मिळावी. तशी न मिळाल्यास पायलट जेटच बदलावे लागते.

(३) स्लाइडचा काप : मंद गतीवरून मूठ हळू उघडताना कार्ब्युरेटरातून फटफट आवाज येत असेल, तर मिश्रण विरल असून कमी कापाची स्लाइड लागते. एंजिन जड होऊन धूर देत असेल, तर जास्त कापाची स्लाइड लागते.

(४) सुई : सुईच्या डोक्याजवळील खाचांत एक चाप असतो. चाप वरच्या खाचेत बसविल्यास सुई खाली जाऊन मिश्रण विरल होते. खालच्या खाचेत बसविल्यास सुई वर येऊन ते समृद्ध होते. रोजचा बहुतेक प्रवास अर्ध्या मुठीच्या आसपास होत असल्याने इंधनाची काटकसर मुख्यतः याच जुळणीवर अवलंबून असते. सुई-जेट वापराने लंबगोल झिजले असेल, तर सुई कितीही खाली केली तरी मिश्रण समृद्धच राहते.

१९८३ मध्ये बाजारात आलेल्या राजदूत ३५० सारख्या दोन सिलिंडरांच्या मोटारसायकलीवर दोन कार्ब्युरेटर असतात. त्यांच्या स्लाइडी एकाच क्षणी व सारख्याच उचलल्या जातील अशी तारांची जुळणी केल्याशिवाय जेट बदलण्यात अर्थ नसतो.

परीक्षण : मिश्रणाचा पुरावा ठिणगी प्लगवर उमटतो. नवा प्लग लावून, ज्या मुठीच्या स्थितीची परीक्षा करावयाची त्या स्थितीत काही अंतर चालवून, क्लच दाबून प्रज्वलन बंद करतात व प्लग काढून पाहतात. विसंवाहकाचा रंग फिकट तपकिरी असणे इष्ट होय. कोरडी काळी काजळी समृद्ध मिश्रणाची. पांढरा, तापून कोरडा पडलेला विसंवाहक किंवा त्यावरील धातूचे कण विरल मिश्रणाची निदर्शक असतात. मंद गतीत बराच वेळ चाललेल्या एंजिनाचा प्लग मुख्य जेटविषयी काहीच सांगत नाही. शिसेविरहित पेट्रोलमुळे हे रंग पूर्वीइतके ठळक उमटत नाहीत, म्हणून एंजिनाची ओढ, तापमान व निष्कासातील वायूंचे मापन यांचीही जोड घेतात.

हवेचा परिणाम : कार्ब्युरेटर हवेचे आकारमान जाणतो, वजन नव्हे. उंचीबरोबर हवा विरळ होते, परंतु पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही. त्यामुळे मिश्रण समृद्ध होते. ही वाढ हवेच्या घनतेच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते. नवी मुंबईच्या दक्षिणेस, उरण तालुक्यात, द्रोणागिरी डोंगराच्या परिसरात सिडकोने वसविलेला द्रोणागिरी हा विभाग जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. तेथे बिनचूक जुळविलेली मोटारसायकल बोरघाट चढून पुण्यास (सु. ५६० मी.) नेल्यास हवेची घनता सु. ५% कमी होते व मिश्रण सु. ३% समृद्ध होते. एवढा फरक सहसा जाणवत नाही. महाबळेश्वरास (सु. १,३५० मी.) घनता सु. १२% कमी होऊन मिश्रण सु. ७% समृद्ध होते. एंजिन जड चालते, पण त्यास इजा होत नाही. याच्या उलट महाबळेश्वरास जुळविलेली मोटारसायकल द्रोणागिरीस आणली, तर तिचे मिश्रण जवळजवळ तेवढेच विरल होते व सपाट रस्त्यावरील दीर्घ वेगात एंजिनास धोका पोहोचतो. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने किनाऱ्यावरच जुळणी करणे सुरक्षित असते.

आर्द्रतेचाही परिणाम होतो. ३२° से. तापमान व ८०% सापेक्ष आर्द्रता असताना हवेच्या एकूण दाबापैकी सु. ४% दाब बाष्पाचा असतो व तेवढ्या प्रमाणात ऑक्सिजन कमी मिळतो. पावसाळ्यात द्रोणागिरीसारख्या ठिकाणी केलेली जुळणी त्यामुळे हिवाळ्याच्या कोरड्या, थंड व दाट हवेत किंचित विरल ठरते. खाऱ्या दमट हवेत जस्ताच्या मिश्रधातूचे कार्ब्युरेटर दीर्घकाळ न वापरता ठेवल्यास आत पांढरा क्षार धरतो व पायलट जेट प्रथम बंद होते. वाहन उभे ठेवण्यापूर्वी फ्लोट-कोठी रिकामी करणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

इंधनाचा परिणाम : जुन्या एंजिनांचे मूळ जेट शुद्ध पेट्रोलसाठी ठरविलेले होते. भारतात २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे सरासरी प्रमाण १०% झाले व २०२५ मध्ये २०% मिश्रण देशभर रूढ झाले. १ भाग इथेनॉलच्या ज्वलनास सु. ९ भागच हवा लागत असल्याने २०% मिश्रणाचे आवश्यक प्रमाण १४·७ वरून सु. १३·५ वर येते. त्याच जेटवर हे इंधन वापरल्यास मिश्रण सु. ८% विरल होते. शुद्ध पेट्रोलवर महाबळेश्वरास जुळविलेले वाहन हे इंधन भरून समुद्रकाठी चालविल्यास दोन्ही परिणामांची बेरीज सु. १५% होते. मूळ कार्ब्युरेटर जसाच्या तसा ठेवलेल्या वाहनासही त्यामुळे मुख्य जेट व सुई यांची फेरतपासणी आवश्यक ठरते. इथेनॉल पाणी शोषून घेते व जुन्या रबराच्या वाहिन्या आणि टोप्या फुगवते. हे भाग इथेनॉल सहन करणाऱ्या द्रव्याचे असावे लागतात.

कायदा व जतन : ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींच्या निष्कासात मंद गतीस कार्बन मोनॉक्साइडाचे प्रमाण ४·५% पेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे. ही चाचणी केवळ पायलट मर्यादेची असल्याने तीत उत्तीर्ण झालेल्या वाहनाचे मुख्य जेट बरोबर आहे, असे सिद्ध होत नाही. केंद्र शासनाने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार प्रथम नोंदणीस ५० वर्षे झालेले व मूळ रूपात राखलेले वाहन विंटेज म्हणून नोंदविता येते. दुसरा कार्ब्युरेटर बसविताना सिलिंडरचे छिद्र मोठे करणे किंवा जोडाची बैठक कापणे टाळावे. बदल केवळ जोडतुकड्याने करावा व मूळ कार्ब्युरेटर त्याच्या जेटांसह जपून ठेवावा.

जुळणी पूर्ण झाल्यावर बसविलेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक, सुईची खाच, स्क्रूचे फेरे, फ्लोटची पातळी, तसेच जुळणीचे ठिकाण, ऋतू व इंधन यांची लेखी नोंद ठेवणे आवश्यक असते. कारखान्याच्या पुस्तिकेतील आकडे बदललेल्या कार्ब्युरेटरास लागू पडत नसल्याने ही नोंद हीच त्या वाहनाची पुढील पुस्तिका ठरते. ती नसल्यास वाहन हाताळणाऱ्या प्रत्येक नव्या कारागिरास तीच परीक्षा, तोच धोका पत्करून, पहिल्यापासून करावी लागते.